हजेरीत ‘मजेत’ चालत न्हाय

शेळगावजवळच्या वस्तीवरच्या शाळेत मी गणिताचा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा शेजारच्या वर्गात हजेरी चालू होती. दोन वर्गांच्या मध्ये भिंत होती, पण राऊत बाईंच्या आवाजापुढे ती असून नसल्यासारखी. मला ऐकू आलं ते असं.

“विशाल.”

“फुगलोय बाई.”

“बरं, बस. प्रणाली.”

“उकडतंय बाई.”

“ते समद्यांनाच उकडतंय. आतलं सांग.”

मग बारीक आवाज आला, “आत पण उकडतंय.”

“बस. भावना.”

“धुसफुसतीय बाई. विशालमुळं.”

“कुणामुळं ते नंतर. आधी पाण्याची टाकी बघून ये भरलीय का.”

मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. नोकरीच्या पहिल्या दिवशी माणूस शाळेबद्दल वाईट विचार करत नाही, पण मी केला.

मधल्या सुट्टीत बाईंना गाठलं. बाई ठेंगण्या, रुंद, चष्मा दोरीनं गळ्यात. निमगाव केतकीहून रोज एसटीनं यायच्या. नवऱ्याचा पानमळा होता, त्यामुळे बाईंच्या पर्समध्ये पेन एकवेळ नसायचं, पण ओल्या फडक्यात गुंडाळलेली खाऊची पानं हमखास असायची. शेजारी गूळ-शेंगदाण्याची पुडी. मी विचारलं, मुलं ‘हजर’ का म्हणत नाहीत? बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी अशुभ बोललो.

“हजर हायत ते दिसतंय की मला. डोळं हायत. आत कोण येऊन बसलंय ते कसं कळायचं?”

या हजेरीला एकच नियम होता. ‘बरा’ आणि ‘मजेत’ हे दोन शब्द वर्गात बंद. बाईंच्या मते ते पाहुण्यांचे शब्द. पाहुणा विचारतो कसं काय, आपण म्हणतो मजेत; दोघंही खोटं बोलतात आणि चहा पितात. मोठ्या माणसांना ते करावं लागतं, पोरांनी एवढ्यात कशाला सुरू करायचं, असं त्यांचं म्हणणं. शब्द सापडला नाही तर बाई पुरवायच्या. फुगणं वेगळं, हिरमुसणं वेगळं, खट्टू होणं आणखी वेगळं. फुगलेल्याला हसवता येतं. हिरमुसलेल्याला आधी जवळ बसवावं लागतं. धुसफुसणाऱ्याला काहीतरी काम द्यायचं आणि आपण लांब राहायचं. एवढी सूक्ष्म वर्गवारी मी भूमितीतसुद्धा पाहिली नव्हती.

मध्यंतरी एक पोरगी ‘भुकेजलीय’ म्हणाली आणि तिला गूळ-शेंगदाणे मिळाले. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाच्या मनाला भूक लागली. भूक पोटाची, हजेरी मनाची, असं बाईंनी जाहीर केलं, आणि मग चिडचिड करत सगळ्यांना एकेक खडा गूळ दिलाच.

हा प्रकार मीही माझ्या तासाला करून पाहिला. सगळा वर्ग एकमुखानं म्हणाला, “झोप येतीय सर.” मी पुन्हा ‘हजर’वर आलो.

बाईंना स्वतःला राग येत नसे असं कुणी समजू नये. जमदग्नीचा अवतार. पण राग आला की त्या वर्गाबाहेर जायच्या, अंगणातल्या नळाखाली तोंड धुवायच्या, चूळ भरायच्या, खाकरायच्या आणि पदराला तोंड पुसत परत येऊन म्हणायच्या, “हां, आले मी.” या सगळ्याचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. मुलं कुणालाही सांगायची, बाई तापल्यात, नळावर गेल्यात. पालकसभेत एकदा तीनचार पालक एकाच वेळी बोलू लागले, तेव्हा बाईंनी त्या सगळ्यांनाच नळावर पाठवलं. ते गेलेही. नळाला पाणी नव्हतं, त्यावरून त्यांची आपसात एकी झाली.

पुढे या गोष्टींना सरकारदरबारी किंमत आली. मुलांनी आनंदी राहावं, मायेनं वागावं, आपल्या मनातलं ओळखायला शिकावं, असं वरून ठरलं आणि आम्हाला बारामतीला प्रशिक्षणाला बोलावलं. शिकवायला एक तरुण मुलगी होती, बोलणं मधासारखं. तिनं डोळे मिटायला सांगितले. श्वासाकडे लक्ष द्या, म्हणाली, आणि मनातल्या सुखाच्या जागी जा. राऊत बाई लगेच गेल्या. त्या पोचल्याचं सगळ्या सभागृहाला ऐकू आलं. मी कोपर मारणार तेवढ्यात त्या मुलीनं मला थांबवलं आणि बाईंना हळूच उठवून विचारलं, कसं वाटतंय? बाई म्हणाल्या, ताजंतवानं, अजून जरा येळ द्या.

मग ‘भावनांचे नियमन’ म्हणजे काय यावर पुष्कळ बोलणं झालं. बाईंनी शेवटपर्यंत मन लावून ऐकलं आणि हात वर केला. “म्हंजी टाळकं सटकलं तर काय करायचं, त्येच ना? मग तसं लिहा की फळ्यावर. आमास्नी वाटलं नवीन काय आलं.” ती मुलगी हसली आणि तिनं खरंच तसं लिहिलं.

अडचण वेगळीकडेच झाली. तिथला मजकूर पालकांच्या मोबाईल ग्रुपवर टाकायचा होता. बाईंनी तो शब्दही न बदलता टाकला. ‘घरात भावना दाबून ठेवू नका. भावनेला मोकळी वाट द्या. भावना अनावर झाल्यास शांतपणे दहापर्यंत अंक मोजा.’

आता आमच्या शाळेत भावना एकच होती. वर आली तीच, पाण्याच्या टाकीवाली. आणि ती अनावर होती हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिचे आजोबा, तात्या, मोपेडवरून शाळेत आले. मोपेड पूर्ण थांबायच्या आधीच ते बोलायला लागले होते. “आमच्या भावनाला घरात कुणी दाबून ठिवलंय ते सांगा आधी. आन् अनावर झाली म्हंजी काय झालं? भरल्या गावात पोरीची बातमी करता व्हय तुमी?” मागून वर्गाच्या दारात भावना उभी. तिचं म्हणणं एवढंच, की बाई, मला मोकळी वाट देणार होता, ती कधी?

मी मध्ये पडणार होतो. मजकुराचा अर्थ समजावून सांगायला मी तोंड उघडलंही. बाईंनी मला हातानंच गप्प केलं.

“तात्या, काय वाटतंय ते एका शब्दात सांगा.”

“वाटतंय काय? डोसकं फिरलंय.”

“ते दोन झालं. एकात सांगा.”

तात्यांनी आयुष्यात कधी एका शब्दात काही सांगितलं नसावं. ते विचारात पडले. टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाले, “तापलोय.”

“बसा,” बाई म्हणाल्या. पाणी दिलं, गूळ दिला आणि मग सगळा खुलासा केला. तात्या आधी संशयानं ऐकत होते, मग गालातल्या गालात आणि मग मांडीवर थाप मारून हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि सहज बोलावं तसं बोलले, की म्हातारी गेल्यापासून असं कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी पुडीतला गूळ आणखी पुढे केला.

त्या दिवसापासून तात्या हजेरीच्या वेळेला शाळेच्या फाटकाशी मोपेड थांबवू लागले. इंजिन चालूच. “बाई, आज करमत न्हाय!” आतून बाई म्हणायच्या, “ऐकलं, तात्या.” तात्या मोपेड वळवून उसाला पाणी धरायला जायचे. पटावर नसलेला एवढा नियमित विद्यार्थी मी दुसरा पाहिला नाही.

अंगणात लिंबाखाली एक आडवा पडलेला जुना बुंधा होता. ती रुसायची जागा. रुसलेल्यानं तिथं जाऊन बसायचं. दुसऱ्या कुणाला वाटलं तर त्यानं शेजारी जाऊन बसायचं, पण बोलायचं नाही. समजूत घालायची नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. बाईंचं मत असं, की रुसलेल्या माणसाला सल्ला देणं म्हणजे तापलेल्या तव्यावर पाणी मारणं. चर्र होतं, वाफ आपल्याच तोंडावर येते. एकदा खो-खोच्या निकालावरून सगळी पाचवी रुसली आणि बुंध्यावर जागा पुरेना. नेमके तेव्हाच केंद्रप्रमुख साहेब तपासणीला आले. वर्ग रिकामा. लिंबाखाली सगळी पोरं गालफडं फुगवून बसलेली आणि त्यांच्या मधोमध राऊत बाई. पंच त्याच होत्या आणि त्यांच्यावरच संशय घेतल्यामुळे त्याही रुसल्या होत्या.

साहेबांनी हे काय चाललंय म्हणून विचारलं. भावनानं त्यांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. हितं बोलायचं नसतं, बसायचं असंल तर बसा, म्हणाली आणि सरकून जागा केली. मला वाटलं, आता आपली सगळ्यांची बदली. साहेब उभे राहिले, इकडेतिकडे पाहिलं, आणि बसले. चांगले बसले. मी आणलेला चहा निवला तरी उठेनात. निघताना म्हणाले, बरं वाटलं. ‘बरं’ चालत न्हाय साहेब, भावना म्हणाली. साहेबांनी गाडीची किल्ली हातात फिरवत जरा विचार केला. “हलकं,” ते म्हणाले आणि गेले. तपासणी राहूनच गेली.

अशा बाईंच्या पायात एक काटा होता, आणि तो आम्हा कुणाला ठाऊक नव्हता. तोही भावनामुळेच बाहेर आला. एके दिवशी हजेरी संपल्यावर तिनं विचारलं, बाई, तुमची हजेरी कोण घेणार? बाई सहज बोलून गेल्या, मी मजेत. वर्गानं जो गिल्ला केला तो थेट फाटकापर्यंत गेला. माझ्या वर्गातला भागाकारही थांबला आणि आम्ही सगळे भिंतीला कान लावून बसलो.

“खुपतंय,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी मुलांना सगळं सांगितलं. बाईंची थोरली बहीण, अक्का, बारामतीला राहायची. बाईंच्या मुलाच्या लग्नात अक्कानं त्यांना आहेराची साडी दिली. मोरपंखी. आता लग्नघरात साड्यांचा ढीग पडतो आणि तो ढीग कपाटातल्या ‘द्यायच्या’ कप्प्यात जातो, हे कुणाला सांगायला नको. पुढे अक्काच्या नव्या घराची वास्तुशांत आली. बाईंनी घाईघाईत कप्प्यातली वरची साडी उचलली आणि अक्काची ओटी भरली. अक्कानं घडी उलगडली. साडीला फॉल लावलेला होता. दुकानातून आणलेल्या साडीला फॉल कुठला? तो अक्कानंच हातानं लावला होता, बहिणीला साडी आयती नेसता यावी म्हणून, आणि टाके तिचेच होते, जरा तिरके.

माझीच साडी मला, यावर बायका महिनाभर बोलत नाहीत आणि मग हसतात. अक्काला लागलं ते वेगळं. मंगीनं, म्हणजे आमच्या बाईंनी, घडीसुद्धा मोडून बघितली नाही, हे तिला लागलं. भरल्या मांडवात ती एवढंच बोलली आणि तेव्हापासून दोघींचा अबोला होता. कितीतरी दिवाळ्या गेल्या. आता अक्का कायमची मुलाकडे बंगळुरूला जाणार होती, घर भाड्यानं देऊन. तिच्या जाण्याआधी बोलणं झालं नाही, तर मग कुणाच्या तरी वाईट बातमीलाच भेट व्हायची, हे बाई स्वच्छ बोलल्या.

सगळी शाळा या कामाला लागली. विशालच्या मते नवीन साडी द्यावी. त्याला मुलींनीच खाली बसवलं. मग रंगीत तालीम झाली. भावना अक्का झाली आणि असली खवळली, की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. हुबेहूब अक्का, जरा कमी कर, असं त्यांना सांगावं लागलं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी बाईंना मोटरसायकलवर घेऊन बारामतीला निघालो. वाटभर मागून पाठांतर चालू. ‘माझ्याकडून तुझ्या मनाला जी इजा झाली’ वगैरे. प्रशिक्षणातलं होतं सगळं. एखादा ट्रक गेला की वाक्य तुटायचं आणि बाई पहिल्यापासून सुरू करायच्या. आम्ही गल्लीत वळलो. अक्का गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. बाईंनी माझ्या पाठीत बोट खुपसलं. “पुढं घ्या, पुढं घ्या.”

मी पुढे घेतलं. वळसा घालून पुन्हा आलो. पुन्हा पुढं घ्या. असं आम्ही त्या गल्लीतून इतक्या वेळा गेलो, की एका गृहस्थानं पेपर खाली ठेवून विचारलं, कुणाचं घर हुडकताय? बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “न्हाय ओ. हे गाडी शिकत्यात.” मी दोन मुलांचा बाप, माझ्याकडे लायसन होतं. येताना बाईंनी मंडईतून पेरू घेतले आणि सगळा रस्ता गप्प बसून आल्या. या बाईंना मी इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

सोमवारी हजेरीत त्यांनी स्वतःच सांगितलं. “भ्याले.” कुणी हसलं नाही. फाटकाशी तात्यांची मोपेड फटफटत होती. त्यांनी ती बंद केली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. काय झालं ते त्यांनी विचारून घेतलं, भाषणाचं पाठांतरही ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

“बाई, पोरास्नी सांगता नुसतं शेजारी जाऊन बसा, बोलू नगा. मग तुमाला सोताला एवढं भाषान कशाला पायजे?”

बाईंनी चष्मा काढला. पुसला. नळावर जाऊन तोंड धुऊन आल्या. तसा राग कुणाचा आलेला नव्हता.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पाठांतर नव्हतं. बाईंनी गाडी घरासमोरच थांबवायला लावली, उतरल्या, चपला पायरीखाली काढल्या आणि दारातल्या पायरीवर जाऊन बसल्या. मी रस्त्याच्या पलीकडे, हेल्मेट पोटाशी धरून. पेपरवाला गृहस्थ होताच.

दार उघडलं. अक्का बाहेर आल्या, हातात केरसुणी. त्यांनी बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झाडायला लागल्या. पहिली पायरी झाडली, दुसरी झाडली. केरसुणी जवळ आली तसे बाईंनी मुकाट्यानं पाय वर उचलले. अक्कानं त्यांच्या खालचं झाडलं. बाईंनी पाय खाली ठेवले. झाडून झालेली पायरी अक्का पुन्हा झाडू लागल्या. तिथं आता धूळ काय, धुळीची आठवणसुद्धा उरली नव्हती.

मग त्या थांबल्या. केरसुणीकडेच बघत म्हणाल्या, “चपला आत घे, मंगे. हितलं कुत्रं नेतंय.”

बाई उठल्या. चपला हातात घेतल्या आणि आत गेल्या. दार लागलं.

आतून मोठमोठ्यानं आवाज येऊ लागले. रडणं की भांडण ते कळेना. मी दोन पावलं पुढे झालो, पेपरवाला गृहस्थही झाला. मग कुकरची शिट्टी झाली आणि आम्ही दोघं आपापल्या जागी परतलो. मला कुणी चहा विचारला नाही. बाई सोबत आणलेला माणूस साफ विसरल्या होत्या, आणि त्याचा मला एवढा आनंद झाला की मी घरी जाऊन बायकोला उगाचच भांडी घासून दिली. ती घाबरली.

थोड्याच दिवसांत माझी दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते बारामतीच्या एसटी स्टँडवर. मी सामान घेऊन माझ्या गाडीची वाट बघत होतो आणि समोर निमगाववरून जाणारी इंदापूरची गाडी लागली होती. पुढच्याच सीटवर बाई आणि अक्का. बंगळुरूला जायच्या आधी बाई अक्कांना निमगावला माहेरपणाला घेऊन चालल्या असाव्यात. मांडीवर दोघींच्या मिळून तीन पिशव्या. दोघी एकाच वेळी बोलत होत्या. एकीचं संपायची वाट दुसरी बघत नव्हती. मध्येच एक हात हवेत जायचा, मध्येच एक पिशवी घसरायची. मागची माणसं माना उंच करून बघत होती. मी हाक मारणार होतो, पण माझी हाक त्या दोघींच्या आवाजात कुठली लागायला.

शेवटी कंडक्टर पुढे आला. मावशी, बाकीच्यांना ताप होतोय, म्हणाला, भांडायचं असंल तर घरी जाऊन भांडा.

दोघी एकदम गप्प झाल्या. दोघींनी त्याच्याकडे पाहिलं.

“भांडत न्हाय ओ,” राऊत बाई म्हणाल्या. “बोलतोय. लई वर्सांचं ऱ्हायलंय.”

कंडक्टरनं घंटी मारली, आणि गाडी स्टँडच्या बाहेर वळेपर्यंत त्या दोघी पुन्हा एकाच वेळी बोलायला लागल्या होत्या.